नखाची परीक्षा

बाबा केसावर धार पाहत नसत.
केस न्हाव्याचे, म्हणत,
आपल्या गिऱ्हाइकाला हाडं असतात.

डाव्या अंगठ्याचं नख पुढे करायचे,
पातं तिरपं ठेवायचे त्याच्यावर,
जोर नाही, पात्याचं स्वतःचं वजन तेवढं.
घसरलं, तर अजून निसण्यावर.
अडलं, की बस्स.
त्यांच्या नखावर बारीक रेघा असत,
पोळ्याच्या सुमारास मुळाशी,
संक्रांतीपर्यंत टोकाला आलेल्या.
मग नखासोबत त्याही कापून जात
आणि खालून नव्या येत.

धान लोंबीवर आलं की बारसू मडावी यायचा
चिचटोल्याहून पायी,
सुरी पळसाच्या पानात गुंडाळलेली.
मूठ तेंदूच्या लाकडाची,
पातं मेटॅडोरच्या कमानपाट्याचं,
बाबांनीच ठोकलेलं, माझ्या जन्माच्या साली.
भात्याजवळ उकिडवा बसायचा.
दोनच वाक्यं बोलायचा. एक पाण्याबद्दल.
दुसरं दरवर्षीचं:
"डुकराले समजू नये, पैकूजी, इतकी."

इतकी म्हणजे किती
हे मला पंधराव्या वर्षी पक्कं ठाऊक होतं.

बाबा अर्जुनीच्या बाजाराला गेलेले.
मी सुरी घेतली. खडबडीत निसणा झाला, मऊ झाला,
मग जुन्या कमरपट्ट्याचं चामडं.
दुपार कलली. हातावरची लव उडाली.
पेपरचा कागद वरून सोडला
तो पात्यावर पडून दोन झाला, आवाजसुद्धा नाही.
बारसूनं उलटसुलट पाहिली,
माझ्याकडे पाहिलं,
पानात गुंडाळली.

तिसऱ्या दिवशी आला तो बसला नाही.
सुरी ऐरणीवर ठेवली.
धार खांद्याच्या हाडाशी वळली होती,
उन्हात घातलेल्या पापडाच्या कडेसारखी.
"तीनदा," म्हणाला.
एवढंच. पाण्याबद्दलही नाही.
डुकराला तीनदा समजलं होतं.

बाबा रागावले नाहीत, तेच लागलं.
नखावर सुरी टेकवून बघितली, म्हणाले,
"तुनं धार नाही लावली, पोरी.
तोरा लावला."

डबीतून दोन नाणी काढली,
जुन्या दहा पैशांची, फुलासारख्या कडेची,
निसण्यावर एकावर एक ठेवली,
पात्याची पाठ त्यांवर टेकवली.
हा कोन. मनगटाला पाठ होऊ दे.
याहून निजवली तर हाडाशी वळते,
याहून उभी केली तर नुसती ओढते.
आणि चामड्यावर घासू नको,
निसण्याचे दात थोडे राहू दे तिच्यात.
डुकराचं कातडं म्हणजे चिखल वाळलेलं दार,
गुळगुळीत धार त्यावरून घसरून जाते.

मग नाणी उचलून घेतली.
आठ दिवस मी विळ्यांवर, कोयत्यांवर,
कुणाच्या तरी तुटक्या अडकित्त्यावर
तो कोन शोधत बसले.

बाबांच्या हाताला आता कंप आहे.
नख मात्र पुढे करतात.
मी पातं टेकवते, ते मान हलवतात,
कधी हलवत नाहीत.

बारसू अजून येतो,
नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून.
शिकार सुटली. वनखात्याचा कागद आला, गुडघे गेले,
आधी काय, ते सांगत नाही.
सुरीनं आता काटवल चिरतो, बांबू सोलतो,
एकदा नातीच्या वहीचा दोरा कापला म्हणे.
मी म्हटलं, काटवलाला बारीक धार बरी,
देऊ का लावून?
तो भात्याजवळ बसलेला,
उकिडवा नाही, प्लॅस्टिकच्या खुर्चीत.
"डुकराचीच लाव."

कोन मनगटात आहे, नाणी लागत नाहीत,
तरी त्या दिवशी डबी उघडली.
लावली. माझ्या नखावर टेकवली.
अडली.

त्यानं सावकाश पानात गुंडाळली,
नातवाला किक मारू दिली,
मागे बसता बसता म्हणाला,
"पाणी बरा आला यंदा."